एकेक करडू

"चारशे अठरा न्हाय म्हनतंय व्हय?" इरम्मानं मांडीवरचं करडू दोन्ही हातांनी वर उचललं. "मग ह्ये काय धरलंय म्या? ससा?"

लस टोचून घ्यायला आपापली करडं घेऊन बसलेल्या बायका हसल्या. प्रतीक्षाही हसली आणि तिनं फोनवर तोच आकडा पुन्हा टाकला. चारशे सतरा लगेच सापडत होतं. आई कोण, जन्म कधीचा, सगळं नीट. चारशे अठराच्या जागी 'नोंद नाही'. करडाच्या कानातला पिवळा बिल्ला तर उन्हात चकाकत होता, आणि तो महिन्यापूर्वी तिच्या देखत बसवलेला होता.

"ही दोन्ही कुणाची, आज्जी?"

"चांदीची की. जुळी हायती." मग करडाच्या पाठीवरून हात फिरवत इरम्मा म्हणाली, "तिच्या शेवटच्या वेताची."

प्रतीक्षाचा अंगठा फोनवर तसाच राहिला. डॉक्टरांनी पुढचं करडू मागितलं, रांग सरकली, कडेवरच्या लेकीनं, हर्षालीनं, तिचं मंगळसूत्र ओढून तोंडात घातलं, तरी ती तिथंच उभी. एकाच शेळीची, एकाच दिवशी झालेली दोन करडं. त्यातलं एक कुठं गेलं हे तिला कळून चुकलं होतं. ते तिनंच पुसलं होतं.

प्रतीक्षा माहेरची वाशी तालुक्यातली. बापाच्या दारात सात-आठ शेळ्या, काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या. थंडीच्या दिवसांत शेळी व्याली की एक करडू या काखेत अन् एक त्या काखेत घेऊन ती चुलीपाशी बसायची. पुढं कॉम्प्युटरचं शिकली, पुण्यात दोन वर्षं एका कंपनीत लोकांची आकडेवारी निवडून-पाखडून दिली. लग्न होऊन लोहाऱ्याच्या बाजूच्या या गावात आली आणि हर्षाली झाल्यावर ते काम सुटलं ते सुटलंच.

गावात शेळ्या पाळणाऱ्या चाळीस बायकांचा गट होता. कुठली शेळी कधी व्याली, करडं किती झाली, हे सगळं एका वहीत, आणि वही गटाची अध्यक्ष महादेवी हिच्या कपाटात. डॉक्टर म्हणायचे, कुठली शेळी जास्त करडं देते ते कळलं तर तिचीच पैदास वाढवता येईल. प्रतीक्षा म्हणाली, मी करून देते.

विकत घ्यायचं काही नव्हतंच. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा फुकट, तिच्यातनं फोनवर उघडणारं पान तयार करायची साधनंही फुकट. कुठल्या कुठल्या मुलखांतल्या अनोळखी माणसांनी लिहून, वाचा, वापरा, चूक दिसली तर सांगा म्हणून मोकळी ठेवलेली. याचं तिला फार अप्रूप. तिला वाटायचं, यातली एखादी ओळ कुठंतरी एखाद्या बाईनं लेकरू झोपलेलं असताना लिहिली असेल. तीही तशीच लिहायची. दुपारी हर्षालीचा डोळा लागला की अर्धा तास, एखाद्या दिवशी दहाच मिनिटं. सासूबाई, तारामतीबाई, दारातनं डोकावून म्हणायच्या, लेकरू झोपलंय तर तूबी पड की घटकाभर, त्या डबड्याला काय दूध प्यायचंय व्हय. शंभरेक ओळींत पान उभं राहिलं. तिनंही आपला सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला. येईल कुणीतरी, वाचेल, चुकलं असेल तर सांगेल. दोन वर्षांत कुणी आलं नाही.

अडचण निघाली ती रेंजची. माळावर असलं की फोन नुसता फिरत राहायचा. बायका 'जमा करा' दाबायच्या, काही हलायचं नाही, म्हणून आणखी दाबायच्या. एकच नोंद दोनदा, तीनदा येऊन पडायची. त्या दिवशी हर्षाली तापानं फणफणलेली होती, अंगावरनं खाली उतरत नव्हती. एका हातानं तिला सावरत, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं प्रतीक्षानं ती ओळ लिहिली. शेळी तीच आणि तारीख तीच असेल, तर पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या गाळायच्या. चालवून पाहिली. यादी कशी धुतल्यासारखी स्वच्छ झाली, आणि तिला बरं वाटलं.

बाकीच्या बायकांचं त्यानं काही बिघडलं नाही. जुळं झालं की त्या 'करडं किती' या रकान्यात दोन लिहायच्या. पण इरम्मा धनगराची. तिच्या घरात जितराबाचा आकडा तोंडानं सांगत नाहीत, लिहीतही नाहीत. नजर लागते. तिची सून निकिता फोन धरायची आणि इरम्मा सांगायची, लिही, चांदीला करडू झालं. ते पाठवून झालं की म्हणायची, आता आनी लिही, चांदीला करडू झालं. प्रत्येक जिवाची वेगळी नोंद. त्यातली दुसरी नोंद प्रतीक्षाची ओळ दरवेळी गाळून टाकत होती.

हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. तिचा बापसुद्धा, दारात आठ शेळ्या असताना कुणी विचारलं तर 'हायत की चार-दोन' म्हणायचा. पुण्यातल्या कुणी ती ओळ लिहिली असती तर एक वेळ चाललं असतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच यादीवरनं बैठक झाली होती. दोन वर्षांत चारपेक्षा कमी करडं देईल ती शेळी विकायची आणि तिच्या जागी चांगल्या शेळीची पाट, म्हणजे मादी करडू, वाढवायची, असं गटानं ठरवलेलं. नऊ नावं निघाली. त्यात इरम्माची चांदी; तिच्या बाकीच्या शेळ्यांची दोन वर्षं अजून भरली नव्हती. चांदी, करडं तीन. इरम्मा 'तीन?' म्हणाली. मग तिची बोटं पदराखाली हलली. प्रतीक्षानं ती हलताना पाहिली होती. आणि ती म्हणाली होती, चांगलं हसून म्हणाली होती, "आज्जी, नोंदी तुमच्याच आहेत. मशीन काही मनानं घालत नाही."

इरम्माची बोटं थांबली. 'असंल बया,' एवढंच ती म्हणाली. आणि गटातली थोरलीच मागं राहिली तर बाकीच्या कशा ऐकतील म्हणून, करडांचं दूध तुटल्यावर पहिल्याच बाजारात चांदीला दावं लावून तीच घेऊन गेली. खाटकाला दिली.

लस टोचायचं काम उरकल्यावर प्रतीक्षा घरी आली. हर्षालीला सासूबाईंकडं देऊन तिनं लॅपटॉप उघडला. बाकीच्या आठ शेळ्यांचं तिनं पुन्हा पुन्हा तपासलं; त्यांचं बरोबर होतं. चांदीच्या एकूण नोंदी अकरा होत्या. त्यातली करडं कुठली आणि रेंज नसताना दाबलेली बटणं कुठली, हे कशावरनंही कळत नव्हतं. ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ते पाहून तिला रडू आलं.

महादेवीला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं. इरम्माला सांगायची काही गरज नाही, असं तिचं म्हणणं पडलं. शेळी का परत येणार आहे? बायका आत्ता कुठं फोनवर भरवसा ठेवायला लागल्या, तो एका दिवसात जाईल. "दुरुस्त केलंस न्हवं? मग झालं की. तुझ्या पोटात ऱ्हाऊ दे अन् माज्या. अन् म्हातारीचं काय, ती इसरलीबी आसंल."

प्रतीक्षाला ते पटावंसं फार वाटत होतं. दोन दिवस तिनं ते स्वतःला पटवून पाहिलं. हर्षालीला न्हाऊ घालताना, भाकरी थापताना तिच्या डोळ्यांपुढं पदराखालची बोटं हलायची आणि थांबायची. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपची पिशवी एका खांद्याला आणि लेक कडेवर अशी ती गावाबाहेरच्या इरम्माच्या शेळ्यांच्या वाडग्यावर गेली.

काट्यांच्या कुंपणाला टेकून इरम्मा बसली होती. निकिता शेळ्या सोडायच्या तयारीत होती. आज्जी चरायला गेल्या नाहीत का, असं प्रतीक्षानं विचारलं, तर निकिता आवाज खाली आणून म्हणाली की दोन महिने झाले, एकट्या जात नाहीत, मला संगं घेतात. येताना एखादी मागं राहिली तर मला समजायचं न्हाय, म्हणतात.

प्रतीक्षा इरम्मापुढं मातीत बसली. वाटेत जुळवलेलं सगळं विसरून गेली.

"आज्जी, चांदीची करडं तीन नव्हती," ती म्हणाली. "तुमची प्रत्येक दुसरी नोंद माझ्या यादीनं पुसली. तसं करायला मीच सांगितलं होतं तिला. चांदी विकायची शेळी नव्हतीच. माझ्यामुळं गेली."

इरम्मानं शेजारची काठी पुढ्यात ओढून धरली. हर्षाली दुडुदुडु जाऊन तिच्या काठीला धरून उभी राहिली, तर तिनं नकळत पोरीच्या पाठीला हात लावला.

"म्हंजे म्या चुकले न्हवते?"

"नाही."

"तवा म्या बोटं घातली की गं," इरम्मा म्हणाली. "बोटं जास्त भरली. तू म्हनलीस तीन. मला वाटलं दुसरीची करडं हिच्यात धरली म्या. म्हनलं, आता डोस्कं गेलं आपलं. माजी सासू आशीच गेली, शेवटाला लेकाला वळकत न्हवती." तिनं तोंडावरनं पदर फिरवला. "दोन म्हैने त्येच धरून बसले बग. चांदीचं दुख कराया सवडच झाली न्हाय."

प्रतीक्षानं तिचे पाय धरले. इरम्मानं तिचे हात बाजूला केले. रागानं नाही, पण जवळही घेतलं नाही.

"मशीनला कळंना व्हय किती झाली त्ये?"

"नाही कळत. तुम्हालाच माहीत आहे."

"मग काढ तुजं त्ये. लिही."

आणि इरम्मा सांगू लागली. आकडा नाही. पयला बोकड, कपाळावर टिकली. त्याच्या पाठची पाट, काळी, एक कान पांढरा. मग आखाडात, वाऱ्यापावसाची रात, पाट अन् तिच्या मागनं आनी पाट, ती अशक्त हुती, बाटलीनं पाजली. मग ही दोन्ही, तुज्याम्होरची. कुठंही थांबली नाही, मागं गेली नाही. प्रतीक्षा एकेक करडू लिहीत गेली. निकिता दावी हातात घेऊन तशीच उभी राहून ऐकत होती.

"अन् चांदीच्या नावाम्होरं काय हाय?"

"विकली."

"का म्हनून?"

प्रतीक्षानं रकाना वाचला. "करडं कमी."

"त्ये काढ."

तिनं ते काढलं. मोकळ्या रकान्यात थोडा वेळ नुसती रेघ उघडझाप करत राहिली. मग तिनं लिहिलं आणि इरम्माला वाचून दाखवलं: "शेळी चांगली होती. यादी चुकली. यादी प्रतीक्षानं केली होती."

"ह्ये समद्यांना दिसंल?"

"सगळ्यांना. गटातल्या, बाहेरच्या, कुणालाही."

इरम्मानं मान हलवली. काठी टेकून उठली. निकितानं पायात चपला सरकवल्या, तशी ती म्हणाली, "तू बस घरी. म्या जाते."

तिनं कुंपणाच्या दाराचा झापा बाजूला ओढला आणि दारात उभी राहिली. शेळ्या एकेक करून तिच्या पायांजवळनं बाहेर पडू लागल्या, आणि ओठ मिटून ती प्रत्येकीच्या पाठीला हात लावत गेली. ती दोन करडंही उड्या मारत बाहेर पडली. वाडगं रिकामं झालं. तरी तिचा हात घटकाभर तसाच खाली राहिला, आणखी एका पाठीच्या उंचीवर.