लिंबाच्या जागी टांगलेला ब्रेकपाइप

मित्रांनो, मी एक जुना ब्रेकपाइप आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. गाडीखाली वाकून बघतो कोण, मग मी तुमच्या ओळखीचा कसा असेन! पॅडल दाबलं की माझ्या पोटातलं ऑइल मागच्या चाकांना थांबवतं. अठरा वर्षं मी हे काम बिनबोभाट केलं.

आमचे मालक नामदेवशेठ, उरणकडच्या खाडीकाठचे. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी तिला हार घातला, नारळ फोडला, पुढे लिंबू-मिरची बांधली. ती ते दर शनिवारी बदलायचे, एकदाही चुकले नाहीत. त्यांची बायको गोजराबाई मासळी विकते. बंदरावरून बर्फातली मासळी डिकीतून यायची आणि तिचं खारं पाणी डिकीच्या भोकातून थेंब थेंब माझ्या अंगावर गळायचं. बॉनेटला पॉलिश, लिंबाला नवा दोरा! माझ्यावर बादलीभर गोडं पाणी मारायला मात्र कुणाला सवड नव्हती. मला गंज चढला आणि मी पाझरू लागलो.

जुईनगरच्या गॅरेजवाल्या जाफरमिस्त्रींनी ते बरोबर ओळखलं.

"नामदेवशेठ, दर महिन्याला ऑइल कमी होतं, ते जातं कुठं? पाइप सडलाय. बदलून टाका."

"तू ऑइल टाक रे! गाडी चालते ना? उगाच टेन्शन देतो."

असं तीनदा झालं. पालथ्या घड्यावर पाणी! मला जीभ असती तर शेठना गाडीखाली ओढून दाखवलं असतं.

गेल्या महिन्यात आम्ही द्रोणागिरीकडे पुलाचा उतार उतरत होतो. शेठ गाडी चालवत होते, शेजारी गोजराबाई, मागे सात वर्षांची नात मनस्वी. पुढचा कंटेनरचा ट्रेलर एकदम थांबला. शेठनी जीव खाऊन पाय दाबला आणि मी फुटलो. पॅडल तळाला गेलं. पुढच्या चाकांचा ब्रेक कसाबसा लागला, शेठनी हँडब्रेक ओढला आणि गाडी ट्रेलरपासून वीतभर अलीकडे थांबली. मनस्वीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेंगळावर निभावलं.

गाडी ओढून गॅरेजात आणली. जाफरमिस्त्रींनी मला काढून गोजराबाईंच्या हातात दिलं. त्या कडाडल्या, "दर शनवारी लिंबू बदलता, मंग ह्यो पाइप बदलाला तुमचा हात मोडला व्हता काय? माजी पोर गेली असती आज!"

बरं झालं! मलाही हेच म्हणायचं होतं.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे पाइप नवे टाकले, नवं ऑइल भरलं, पाइपांत अडकलेली हवा काढली. "दर दोन वर्षांनी ऑइल बदला. मासळी आणली की गाडी खालून धुवा," असं बजावलं. गोजराबाईंनी लिंबू-मिरची तोडून फेकली आणि माझा गंजका तुकडा तिथे बांधला.

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. गाडीला हार घालायचा तर घाला, पण आधी खाली वाकून बघा. मिस्त्री सांगतो तेव्हा ऐका.

परवा शनिवारी शेठ सवयीने पुढे आले. लिंबासाठी उचललेला हात मला लागला. मग ते गुडघे टेकून, टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले. मनस्वी दार उघडून तशीच उभी होती.

"आजोबा, पाइप सुका हाय का?"

"सुका हाय, बाय."

मगच ती गाडीत बसली.