आरशातली कात्री

"बाई, रेणूंमध्येपण लाडका आणि नावडता असतो का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून डावरीने विचारलं. वर्ग फिदीफिदी हसला. रसायनाच्या बाई मात्र हसल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी दोन रेणू काढले होते, डाव्या-उजव्या हातांसारखे, एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप.

"असतो की. काही अभिक्रियांत सुरुवातीला दोघे जवळपास सारखेच निघतात. मग निव्वळ योगायोगाने एक चिमूटभर जास्त होतो. तो आपल्यासारखेच आणखी घडवायला मदत करतो, वर दुसऱ्याची वाट अडवतो. शेवटी भांडंभर तोच."

"म्हणजे तो जास्त चांगला?"

"छे. नुसता पुढे निघालेला."

डावरी खाली बसली. ही तर तिच्या घरचीच गोष्ट.

तिची जुळी बहीण सात मिनिटांनी मोठी, म्हणून ताई. आईबाबांचं शिवणकामाचं दुकान. लहानपणी दोघींनी एकाच दिवशी कात्री धरली, ताईने उजव्या हातात, डावरीने डाव्या. ताईचं कापड सरळ कापलं गेलं, डावरीचं पात्यांत दुमडलं. म्हणून पुढचं कापड ताईला. त्याने तिचा हात बसला, आणि हात बसला म्हणून आणखी कापड. डावरीच्या वाट्याला काजंबटणं. वर ताई कातरणं सरकवत म्हणायची, "बटणवाल्या बाई, जरा झाडून घ्या." डावरीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि आता सुट्टीतल्या गणवेशांच्या कामासाठी बाबा दुसरा कापणारा शोधत होते, तोही बाहेरचा.

घरी येताच तिने ताईची लाडकी कात्री डाव्या हातात धरली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. अंगठा दाबला की पाती एकमेकांपासून दूर पळत होती. कात्री उजव्या हाताची होती. शिंप्यांच्या घरात हे कुणाला सुचलंच नव्हतं. तिने ती गिऱ्हाइकांच्या आरशासमोर धरली. आरशात जी कात्री दिसत होती, नेमकी तीच तिला हवी होती.

"माझी कात्री ठेव," ताई गुरगुरली.

"घे बाई. मला तुझी नकोच आहे."

ती तडक आईबाबांच्या मशिनींपुढे जाऊन उभी राहिली.

"बाहेरचं माणूस शोधू नका. डाव्या हाताची कात्री मागवा. सुट्टीत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी कापणार, आणि निम्मी बटणं ताई लावणार."