सुनेच्या हाताचा फेस

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत मीटिंग बोलावली तर दहा माणसं जमत नाहीत. पण त्या रविवारी शालनताईंच्या मोरीपासून लिफ्टपर्यंत गर्दी होती. सगळ्यांच्या नाकाला रुमाल, कारण मोरीतून सडका वास येत होता. पाटावर बसले होते कळंबोलीचे गोटीराम महाराज.

शालनताईंचे यजमान कोंडिबा, मार्केटमधले जुने माथाडी. याच मोरीत पाय घसरून ते गेले. तेव्हा घरात सून भाविका एकटीच होती, म्हणून ताईंचा संशय तिच्यावर. ताईंनी मोरीला कडी घातली, वर्षश्राद्धापर्यंत तिथं पाण्याचा थेंबही सांडायचा नाही म्हणाल्या. पुढे उन्हाळा लागला आणि वास सुटला. महाराजांनी निदान केलं की कोंडिबांचा आत्मा नळीत अडकलाय, आणि ज्या हातानं घात केला त्या हाताला तो बरोबर ओळखेल. ओळख पटली की भाविकानं माहेरी जायचं आणि तिची बालवाडीतली मुलगी इथंच ठेवायची, हेही आधीच ठरलं होतं. म्हणजे निकाल तयार, फक्त खटला बाकी!

महाराजांनी जाळीवर पांढरी विभूती पसरली. मग घरच्या एकेकाकडून तांब्यातलं तीर्थ ओतवलं. शालनताईंनी ओतलं, काही नाही. मुलगा उदयसिंहनं ओतलं, काही नाही. भाविकासाठी मात्र वेगळा तांब्या, म्हणे दोषी हाताची शिवाशिव नको. तिनं ओतलं आणि फसफसून पांढरा फेस वर आला.

"मरतानाचा फेस हाय हा," महाराज म्हणाले. "कोंडिबा बोलला."

भाविका नवऱ्याकडे बघत होती, आणि तो बाप्या फरशीकडे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी शेजारची नंदिनी, जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई. पुढे झाले, भाविकाच्या तांब्यात बोट बुडवून चाटलं. आंबटढाण! तोच तांब्या ताईंच्या हातात दिला आणि म्हटलं, आता तुम्ही ओता. त्यांच्याही हातून फेस आला, चांगला बोटभर.

"ताई, मग घात तुम्ही केलात का?" मी विचारलं.

विभूती म्हणजे खायचा सोडा, भाविकाचं तीर्थ म्हणजे लिंबाच्या फुलाचं, सायट्रिक ॲसिडचं पाणी. ढोकळा याच्यावरच फुगतो. साध्या पाण्यानं सोडा फसफसत नाही, म्हणून तर दोन तांबे. तुंबलेल्या मोरीत मीही सोडा आणि व्हिनेगर घालते, वरून गरम पाणी सोडते. चिकट घाण सुटते. पण ही मोरी तुंबलेलीच नव्हती. जाळी उचलून मी सगळ्यांना दाखवलं. खालच्या वाटीत नेहमी पाणी साचून राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. मोरी वापरलीच नाही, पाणी आटलं, गटार घरात आलं. बादलीभर पाणी ओतलं, खिडकी उघडली. थोड्या वेळानं लोकांनी रुमाल खाली घेतले. महाराजांना तोवर कळंबोलीत तातडीचं काम निघालं होतं.

शालनताईंनी सुनेचा हात धरला. "चुकलं गं माझं. ऱ्हा तू."

भाविकानं हात सोडवून घेतला. "आज मॅडम घरात होत्या म्हणून मी सुटले. त्या गावाला गेल्या असत्या तर? तुमच्यातलं कोण बोललं असतं?"

तिनं बॅग भरली, मुलीला कडेवर घेतलं आणि ती साताऱ्याला निघून गेली. अजून परतलेली नाही. मोरीला मात्र आता वास येत नाही.

तेव्हा वाचकहो, घरात घाण वास आला तर आधी जाळी उचला, पाणी ओता, कारण शोधा. सोडा सांडला तर पुसता येतो. चार माणसांत बाईच्या कपाळी लावलेला खून कशानं धुणार?