चौथा दिवा

मला इथे सगळे ब्रेकताई म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. पण मला कान आहेत. जराशी शंका आली की मी फिरता दांडा थांबवते, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षांत माझ्या पाळीत एकही माणूस बेशुद्ध होऊन बाहेर आलेला नाही, आणि त्याबद्दल आजवर कुणी शाबास म्हटलेलं नाही. न म्हणेनात का! त्यांच्या शाबासकीवर माझं पोट चालत नाही.

काम काय ते सांगते. एक गोल दालन, मधोमध लोखंडी खांब, खांबाला नऊ मीटरचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला एक माणूस बसेल एवढी कोठडी. दांडा फिरायला लागला की आतल्या माणसाचं वजन वाढतं. दुप्पट, तिप्पट, चौपट. अवकाशातून परत येताना असला भार सोसावा लागतो, म्हणून जाण्याआधी इथे परीक्षा. वजन वाढलं की रक्त पायांकडे उतरतं आणि ते डोक्यापर्यंत चढवायला बिचारं हृदय जिवाच्या आकांताने धावतं. ते कमी पडलं तर आधी नजर जाते. कडेचं दिसेनासं होतं, मग समोरचं, मग माणूसच मान टाकतो.

म्हणून कोठडीत सहा दिवे. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. त्यांची सहा बटणं माझ्या टेबलावर. मी एकेक दिवा लावायचा आणि आतल्याने, ज्या बाजूचा दिवा दिसेल त्या हातातली कळ दाबायची. एक जरी चुकला तरी मी दांडा थांबवते.

आता आमच्या धाकट्याचं. माझा सख्खा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. विमान चालवतो. पण त्याला अवकाशात जायचंय, आणि हे खूळ त्याच्या डोक्यात चड्डीत होता तेव्हापासून आहे. दोनदा या दांड्यावर बसला, दोनदा नापास झाला. नजर उत्तम, पण चौपट वजनाला नाडी एकशे अठ्ठ्याहत्तर. मर्यादा एकशे साठची. दोन्ही वेळा दांडा थांबवला तो मीच. दुसऱ्या खेपेनंतर तीन महिने तो माझ्याशी बोलला नाही.

मग गोळीवाले डॉक्टर आले. माणूस वाईट नाही, पण स्वतःच्या गोळीच्या प्रेमात पडलेला. त्यांचं म्हणणं असं, की महिनोन्‌महिने वजनाशिवाय राहिलेलं हृदय परतताना थोड्याशा भारानेही बिथरतं आणि धावून धावून थकतं. त्याला गोळीने आवरलं तर माणूस सुखरूप उतरेल. चौघांना त्यांनी गोळी सुरू केली. पाचवा आमचा धाकटा.

गोळी घेऊन तो तिसऱ्यांदा दांड्यावर बसला. चौपट वजन, नाडी एकशे अठरा, सहाच्या सहा दिवे बरोबर. डॉक्टर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. "बघा ताई, बघा! हृदय कसं शहाण्यासारखं चाललंय!" खोटं कशाला बोलू, मीही धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला आणि डोळे पुसले. आता फक्त शेवटची फेरी उरली होती. ती झाली की तो यादीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोठडी पुसायला गेले. ते काम मी कुणाला देत नाही. पुसून झाल्यावर दिवे लावून पाहिले, तर चौथा लागेना. बल्ब काढला. आतली तार तुटलेली, काच काळी पडलेली. मी बल्ब हातात घेऊन तिथेच बसले. आदल्या दिवशीच्या कागदावर चौथ्या दिव्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दिसला'.

डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, "फेरी संपल्यावर उडाला असेल. तुम्ही पण ना ताई, बल्बवर संशय घेता!"

असेलही, म्हटलं. मनाची समजूत घातली. संध्याकाळी धाकट्याकडे जेवायला गेले. भावजय आत काहीतरी गरम करत होती. धाकटा खिडकीबाहेर बघत टेबलाच्या कडेवर दोन्ही हातांची बोटं वाजवत होता. डावं, डावं, उजवं, डावं, उजवं, उजवं. परत तेच. परत तेच.

तो माझा क्रम होता.

नियम असा आहे की दिव्यांचा क्रम दर फेरीला बदलायचा. तो बदलायचा कुणी? मी. आणि मी एकोणीस वर्षं बदलला नव्हता. सुरुवातीला कधीतरी एक क्रम बोटांत बसला आणि बसला तो बसलाच. शिवाय माझा माइक चालू असतो, त्यामुळे बटणाचा खट आवाज कोठडीत ऐकू जातो. नुसत्या आवाजावर कळ दाबली तरी उत्तर बरोबर! जगाच्या शंका काढणारी मी, आणि स्वतःच्या बोटांची शंका काही आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"चौपट वजनाला तुला दिसत नाही ना रे?" मी सरळच विचारलं.

त्याची बोटं थांबली. आधी हसून बघितलं त्याने, मग मान खाली घातली. "चारपाच सेकंद दिसेनासं होतं, ताई. मग येतं परत."

"गोळीमुळे. हृदयाला धावायचं होतं आणि तुम्ही त्याचे पाय बांधलेत."

"पण आकडा खाली आला ना? दोनदा त्या आकड्यानेच मारलं मला."

"आणि उतरताना यान हाताने आणायची वेळ आली तर? मागे दोन माणसं बसलेली असतील तुझ्या."

"तशी वेळ शंभरात एकदा येते."

"त्या एकदासाठीच मला तिथे बसवलंय!"

तो उठला. "जा, सांग. मी नाही म्हणेन. तुझ्याकडे काय आहे? एक जळका बल्ब. पण एक ऐक. दोनदा पाडलंस. तिसऱ्यांदा पाडलंस तर मला बहीण नाही असं समजेन मी."

भावजय दारात भांडं धरून उभी राहिली होती. मी न जेवता निघाले. आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणाला काय सांगणार?

शेवटच्या फेरीआधी मी डॉक्टरांना म्हटलं, एक फेरी गोळीशिवाय घेऊ या. ते म्हणाले, वरून परवानगी नाही. नवा क्रम लावते म्हटलं, तर म्हणाले, "लावा की. एखादा चुकला तर बोट घसरलं म्हणून पुन्हा घेऊ." मग मी तो नाद सोडला. मला असं काही हवं होतं, की ज्यावर कुणाला 'बोट घसरलं' म्हणता येणार नाही.

दांडा फिरला. दुप्पट. तिप्पट. तिथवर दिवे नीट लावले, त्याने नीट दाबले. चौपट झालं. नाडी एकशे सोळा. मी टेबलाखाली हात घातला आणि दिव्यांच्या सगळ्या विजेचा खटका बंद केला. कोठडीत एक ठिपकाही उरला नाही. मग नेहमीसारखी बटणं दाबली. खट, खट, खट, खट, खट, खट.

डावं, डावं, उजवं, डावं, उजवं, उजवं. सहाही बरोबर.

"वा!" डॉक्टर ओरडले.

मी ब्रेक दाबला.

दांडा पुरता थांबेपर्यंत ते माझ्यावर ओरडत होते. कोठडीचं दार उघडलं आणि धाकटा आतूनच गरजला, "का थांबवलंस? सहाही दिसले मला!"

"कुठले सहा?" मी म्हटलं. "दिव्यांची वीजच बंद होती. एकही लागला नव्हता. माझा जुना क्रम तुला पाठ आहे."

डॉक्टरांनी टेबलाखालचा खटका वाकून पाहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. यंत्रात बिघाड असं लिहू आणि ही फेरी काढून टाकू. तुम्ही क्रम बदलत नव्हतात हेही मग कुणाला कळणार नाही. कळलं तर तुमची खुर्ची जाईल."

"जाऊ दे! कागदाला हात लावायचा नाही. चौघं आहेत अजून तुमच्या गोळीवर."

तेवढ्यात धाकटा कोठडीतून ताडकन उठला आणि कागद फाडायला माझ्याकडे धावला. तीन पावलं आला. चौथ्या पावलाला त्याचा चेहरा कागदापेक्षा पांढरा झाला आणि तो कोसळला. मी कशीबशी त्याची मान सावरली. त्याला जमिनीवर आडवा करून पाय खुर्चीवर ठेवले, मनगट धरलं आणि घड्याळ पाहिलं.

"या, डॉक्टर," मी म्हटलं. "मोजा."

त्यांनी गुडघे टेकले. मोजली. पुन्हा मोजली. सत्तर. माणूस जमिनीवर पडला होता आणि नाडी आपली संथ चालली होती. डॉक्टर मनगट सोडेनात. "वाढायला हवी होती," ते म्हणाले, मला नाही, स्वतःलाच.

धाकट्याने डोळे उघडले. माझी छाती मात्र एकशे ऐंशीने धडधडत होती. मला वाटलं, आता म्हणेल, मला बहीण नाही. म्हण बाबा. जिवंत राहून म्हण, हजारदा म्हण.

"कागद कुठाय?" त्याने विचारलं.

"देणार नाही."

"फाडत नाही गं. लिहायचंय."

मी आधी माझं लिहिलं. एकोणीस वर्षं दिव्यांचा क्रम बदलला नाही, चूक माझी. खाली सही ठोकली. मग कागद त्याच्या छातीवर ठेवला आणि पेन हातात दिलं. झोपल्या झोपल्याच, वेड्यावाकड्या अक्षरात, त्याने सहाही दिव्यांपुढे एकच उत्तर लिहिलं. दिसला नाही. दिसला नाही. सहा वेळा. मग आदल्या फेरीचा कागद मागून घेतला आणि चौथ्या दिव्यापुढचं माझं 'दिसला' स्वतःच्या हाताने खोडलं.