पहिलं गिऱ्हाईक

एकच गोष्ट चार जणांना चार तऱ्हांनी सांगायची, हा तिचा पेशा होता आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जाहिरातींच्या ऑफिसात तिला सगळे लेखणी म्हणत, अगदी साहेबसुद्धा. या खेपेला काम आलं होतं म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या एका नव्या निवासाचं. वृद्धाश्रम हा शब्द चुकूनही वापरायचा नाही, ही तिथल्या संचालिकाबाईंची पहिली अट. लेखणीने मुला-सुनांसाठी रेडिओची जाहिरात लिहिली आणि तीत त्यांच्या अपराधी मनाला हळूच थोपटलं. डॉक्टरांसाठी नर्स, ऑक्सिजन, रुग्णवाहिका असं एक कोरडं पान केलं. श्वास घ्यायला फुरसत नसलेल्यांसाठी फोनवरचा दोन ओळींचा मेसेज. आणि खुद्द म्हाताऱ्यांसाठी मोठ्या अक्षरांतलं पत्रक. तेच सगळ्यांत अवघड गेलं.

ऑफिसचा एक नियम होता. मजकूर ज्याच्यासाठी असेल, त्याच्यासारख्याच एका माणसाला तो आधी मोठ्याने वाचून दाखवायचा. ऐकणारा जिथे जांभई देईल, तिथे कात्री. म्हाताऱ्यांचा मजकूर असला की लेखणी तो घरी आपल्या बाबांना ऐकवी. बाबांचा जन्म शिंपीकामात गेलेला. आई गेल्यापासून ते लेकी-जावयाकडेच राहत. कान मात्र तिखट. "इथे ढगळ झालंय बघ, जरा टीप मार," असं म्हणत ते लेकीचं लिखाण बिनदिक्कत उसवत. गुडघ्याच्या मलमाची एक जाहिरात तर त्यांनी तीनदा मुळापासून बेतायला लावली होती.

हे पत्रक त्यांनी एकदाच ऐकलं. मान खाली घालून, शेवटच्या फोन नंबरापर्यंत. मग म्हणाले, "छान बसलंय. कुठेच हात लावू नकोस." बाबांकडून अशी पावती म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. लेखणी इतकी हरखली, की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं तिला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात संचालिकाबाईंचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून साहेबांनी तो स्पीकरवर टाकला.

"अहो, पहिली नोंदणी झालीसुद्धा! सकाळी एका आजोबांचा फोन आला. तुम्ही मंजुरीला पाठवलेल्या पत्रकातली वाक्यं त्यांना तोंडपाठ! धडाधड म्हणूनच दाखवली. उद्या राहायला येतायत. म्हटलं, एवढ्यात पत्रकं वाटायलाही लागलात की काय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब खुर्चीतून उठले. "लेखणी, जिंकलंस गं!"

छपाईचं बघणारा तेवढा डोकं खाजवत राहिला. "पण साहेब, पत्रक अजून प्रेसला गेलंच नाहीये. आज संध्याकाळी जायचंय."

"मग आजोबांनी वाचलं कुठे?" साहेब म्हणाले.

लेखणीच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. "बाई," ती फोनकडे वाकून म्हणाली, "आजोबा पूर्वी काय करायचे, काही बोलले का?"

"हो तर! शिंपी होते म्हणे. फार गोड बोलले हो."

लेखणी पर्स विसरून तशीच निघाली. घरी पोचेपर्यंत तिने मनाला शंभरदा बजावलं, की जगात शिंपी काही एकच नसतो.

बाबा आपल्या खोलीत पलंगावर बॅग उघडी टाकून शर्टांच्या घड्या घालत होते. दुकानात घालायचे तशाच, कॉलर वर ठेवून.

"बाबा, हे काय चाललंय?"

"आलीस? बरं झालं. माझा मफलर कुठे ठेवलायस गं?"

"बाबा, ती जाहिरात होती! माझं काम आहे ते!"

"मला का कळत नाही?" बाबा शांतपणे म्हणाले. "पण तू लहानपणापासून सरळ बोलणारी नव्हेस. काही हवं असलं की आडून आडून सुचवायचीस. म्हटलं, पोरीला तोंडावर सांगायला जड जातंय, म्हणून वाचून दाखवतेय. मी काही रागावलो नाही हो. जागाही चांगली दिसते. ते झाडाखालचं बाक, सकाळचं ऊन..."

"मी ती जागा पाहिलेलीसुद्धा नाही, बाबा!" लेखणीला रडू फुटलं. "बाक नाही, ऊन नाही, सगळं मनाचं आहे. टेबलाशी बसून रचलंय मी ते!"

बाबांचा हात थांबला. "सगळंच?" त्यांनी विचारलं. "मग ते वाक्य? 'इथे रात्री खोकला आला, तर उशीत तोंड खुपसावं लागणार नाही.' तेही रचलंस?"

लेखणीला चार तऱ्हांचं खोटं सहज सुचलं असतं. त्यातलं एकही तिच्या तोंडून बाहेर पडेना.

"नाही," ती म्हणाली. "तेवढं खरं आहे. रोज ऐकू यायचं मला. रोज ठरवायची, सकाळी डॉक्टरांकडे नेऊ. सकाळ झाली, की ऑफिस."

"रोज ऐकू यायचं?"

"रोज."

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. "मला वाटायचं, भिंत जाड आहे," ते म्हणाले.

लेखणीने डोळे पुसले आणि बॅगेतले शर्ट एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. बाबांनी तिला अडवलं नाही. हातभारही लावला नाही.