उघड्या बॉनेटचा कायदा

मित्रांनो, बाजूला पट्टे मारलेल्या गाडीवर माझा विश्वास नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणू नये की डुक्कर मनात आकस लपवून बोलली.

डुक्कर म्हणजे मीच. जुनी फियाट. पाठ गोल, गाल फुगलेले, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. मला त्याचा राग नाही. डुक्कर चिखलातून निघतं, हे नाव ठेवणाऱ्यांना माहीत नव्हतं.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठावन्नचा, मुंबईच्या कारखान्यातला. पुढची दारं उलटी उघडतात, गेअर स्टेरिंगच्या दांड्यावर. माझा पहिला मालक हैदराबादचा, गाड्यांचा वेडा. सुट्टी मिळाली की मला घेऊन थेट मद्रासकडं जायचा. तिकडं जुन्या विमानांच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. दारावर चुन्यानं सात आकडा काढायचा, मागचं सीट काढून ठेवायचा, आणि पळवायचा. शर्यत झाली की आकडा ओल्या फडक्यानं पुसायचा, सीट परत बसवायचा, आणि त्याच गाडीनं कचेरीला. शर्यतीची गाडी वेगळी आणि भाजी आणायची गाडी वेगळी, असं तेव्हा नव्हतं. जी पळायची तीच भाजी आणायची.

हे लक्षात ठेवा. माझा सगळा संशय इथूनच सुरू होतो.

पासष्ट साली त्यानं मला विकलं. घेणारा होता भालकीचा भीमराज. फौजेत ट्रक चालवून आलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. माझी टॅक्सी झाली. भालकी ते उदगीर, भालकी ते बिदर. पाट्यांवर तेव्हा म्हैसूर राज्य लिहिलेलं असायचं. माझ्या पोटात बाळंतिणी बसल्या, नवरदेव बसले, एकदा तर दोन शेळ्या आणि त्यांच्यावरून भांडणारे दोघं भाऊ बसले.

भालकीत दसऱ्याला एक धाव असायची. इकडं दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून वाटतात. गावातल्या गाड्या खटकचिंचोळीच्या शिवेवरच्या बन्नीच्या झाडापर्यंत जायच्या, पान घ्यायचं, आणि परत भालकीच्या नाक्यावर. जो आधी आला त्याच्या हातचं सोनं गाव पहिलं घेणार. फटफट्यांची धाव वेगळी, चारचाकींची वेगळी.

भीमराजच्या घरी पूजा नव्हती. छप्पन्न साली त्याच्या आईबापानं बुद्धाची वाट धरली होती, त्यामुळं दसरा त्यांच्याकडं दीक्षेचा दिवस. सकाळी पांढरे कपडे, वंदना, आणि मग धाव. कुणी विचारलं, "भीमराज, तुला तर सोनं नको, मग पळायलास कामून?" तर म्हणायचा, "पान तुमचं, रस्ता माझा."

पहिल्याच वर्षी आम्ही पुढं होतो. मध्येच रस्त्यात गुरुशांतप्पाची जीप उभी. बॉनेट उघडं, वाफेचा लोट. गुरुशांतप्पा म्हणजे नाक्यावरचा हॉटेलवाला, मोठ्या घरचा माणूस. भीमराजनं मला थांबवलं. माझ्या डिकीत पाण्याचा डबा कायम असतो, कारण मला तहान फार. त्या काळी कुणाच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं याचे लई नियम होते. पण तापलेल्या रेडिएटरला नियम नसतात. भीमराजनं पाणी ओतलं. डब्यात थोडं उरलं. गुरुशांतप्पानं डब्याकडं बघितलं, भीमराजकडं बघितलं, आणि ओंजळ पुढं केली. प्याला.

आम्ही हरलो. मागून एक ॲम्बेसेडर भुर्रकन गेली, थांबली नाही.

पुढच्या वर्षी धाव सोडायला गुरुशांतप्पाच उभा होता, हातात लाल फडकं. म्हणाला, "ऐका रे. आजपासून कायदा. रस्त्यात कुणाचं बॉनेट उघडं दिसलं तर मागच्यानं थांबायचं. न्हाई थांबला, तर तो पहिला आला तरी आला न्हाई."

तो उघड्या बॉनेटचा कायदा. मित्रांनो, शर्यत कशाला म्हणतात असं मला कुणी विचारलं, तर मी वेगाचं सांगत नाही, हा कायदा सांगते.

वर्षं गेली. कधी जिंकलो, कधी हरलो. भीमराजच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. त्याची पोरगी शोभा स्टेरिंगवर बसायला लागली. आधी लोक हसले. मग उदगीरच्या बाजारला जायला तिचीच टॅक्सी शोधायला लागले, कारण ती खड्डा चुकवायची आणि तोंडानं शिव्या देत नव्हती.

आणि शहाऐंशीला ती आली. लाल.

ती हणमंतरावांनी आणली. हणमंतराव साखर कारखान्यात मोठ्या जागेवर, गोरा, हसरा माणूस. गाडी नवी, छोटी, चकचकीत. बाजूनं काळेपांढरे चौकोन, मागच्या काचेवर इंग्रजीत रॅली असं लिहिलेलं. हैदराबादहून चिकटवून आणलेलं. सायलेन्सरला जाड नळी. चालू केली की बाजारातली कुत्री उठायची.

मी तिच्याकडं बघून घेतलं. चौकोन कुणी दिले हिला? कुठली शर्यत पळालीस बाई तू? माझा सात आकडा चुन्याचा होता, पुसून जायचा, पण तो पळून कमावलेला. हिचा विकत आणलेला. आवाज नळीचा, जोर कुणी पाहिला? खाली बघितलं तर चाकाला चिखल नाही, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. जिला प्लास्टिक काढायची भीती, ती कसली पळणार?

पण पळत होती. खरं सांगायचं तर फार पळत होती. त्याचाच मला जास्त संशय.

त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी भीमराज माझ्या मडगार्डवर हात ठेवून शोभाला म्हणाला, "हिचं सामान आता कुठं मिळना गेलंय. गिऱ्हाईक बी हसायलेत. उद्या लाल गाडीच्या मागं राहिली, तर उदगीरला मोडीत देऊन टाकतो."

"आन् पुढं आली तर?"

"तर तुझी. चालव, पुस, काय करायचं ते कर. मी मधी बोलणार न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

शोभाची आई कोंडाबाई आतून म्हणाली, "बापलेकीनं गाडीवर पैज लावलीय, आन् माझी चूल कोण फुंकणार?" मला तर मोड हा एकच शब्द ऐकू येत होता.

दसऱ्याला चारचाकी दोनच राहिल्या होत्या. मी आणि ती. ती नवरीसारखी सजून आली. आदल्या दिवशी खंडेनवमीची पूजा झालेली. पुढं झेंडूचा हार, हातभर जाड, नाकातोंडावरून घट्ट बांधलेला. दोन्ही बाजूला केळीचे खांब. हणमंतराव रेशमी धोतरात.

"काय शोभा," ते हसून म्हणाले, "तुझ्या डुकराला ऊस चारलास का न्हाई?"

"चारला की साहेब. तुमच्या गाडीचं तोंड मात्र बांधल्यावानी दिसायलंय. उपाशीच हाय व्हय?"

लोक खदखदा हसले. हणमंतरावही. गुरुशांतप्पानं फडकं खाली केलं.

लाल गाडी अशी गेली की मला तिची फक्त धूळ दिसली. शोभानं ओठ आवळले. मी जमेल तेवढी धावले. माझ्या पोटातून खडखड आवाज यायला लागला. बन्नीच्या झाडाजवळ पोचलो तेव्हा हणमंतराव परत फिरून निघालेले. समोरून जाताना त्यांनी हात हलवला. शोभानं खूण म्हणून एक पान घेतलं, माझ्या वायपरखाली खोचलं, आणि मला वळवलं. तिच्या हाताला घाम आला होता, स्टेरिंगला कळतं ते.

अर्धा रस्ता मागं पडला. आणि वळणावर लाल गाडी उभी. बॉनेट उघडं.

मित्रांनो, माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगू? हे नाटक आहे. नवी गाडी, ती कशी बंद पडेल? हा डाव आहे. आम्ही थांबायचं आणि यांनी बॉनेट आपटून निघून जायचं. थांबू नकोस शोभा, दाब पाय, नाक्यावर आधी आपण, मोड नको. असं मी सगळ्या खडखडाटानं सांगत होते.

शोभानं ब्रेक दाबला.

नाटक नव्हतं. वाफ खरी होती. वास पण खरा होता, गरम रबराचा. हारानं तिची वारा यायची जागाच बंद केली होती. पूजेचा हार पूजेच्या जागीच राहिला, काढायचं कुणाला सुचलं नाही. गाडी तापली, आतलं पाणी उसळलं आणि रबरी नळी निसटून बाजूला पडली.

"पेचकस द्या साहेब, नळीचा पट्टा आवळते," शोभा म्हणाली.

हणमंतरावांनी डिकीकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"साहेब?"

"घरी हाय."

"घरी? गाडीचं सामान घरी कामून?"

"देवापुढं मांडलंय. पाना, पेचकस, जॅक, सगळं. माझ्या बायकोनं, मालतीबाईनं, कुंकू लावून ठेवलंय. सोनं घरी आल्याबिगर हत्यार उचलायचं न्हाई म्हणली."

शोभाला हसू आवरेना. मग हणमंतरावही हसले, कपाळावरचा घाम रेशमी उपरण्यानं पुसत. खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत सगळ्या गावात आहे, आणि पुजलेलं हत्यार मध्येच उचलत नाहीत हेही खरं. पण तेच हत्यार घेऊन धावायला निघायचं असतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या घरी पूजा नव्हती, म्हणून आमचं सामान डिकीतच होतं, तेलकट, जागच्या जागी.

शोभानं हार सोडवला. गाडी जरा निवू दिली. पट्टा आवळला. मग डबा काढला आणि सगळं पाणी लाल गाडीत ओतलं. माझ्या वाटणीचं पण.

"आता सावकाश जावा साहेब."

आता ऐका. मागच्यानं थांबायचं, एवढंच कायद्यात होतं. ज्याला मदत झाली त्यानं पुढं काय करायचं, ते कायद्यात नव्हतं. कुणी ठरवलंच नव्हतं.

शोभानं मला चालू केलं. मी तापलेली, तहानलेली, खोकत खोकत निघाले. थोड्या वेळानं मागून तो जाड नळीचा आवाज आला. लाल गाडी बाजूनं आली, आणि गेली. सावकाश नाही. सुसाट.

मी म्हणत नव्हते? पट्ट्याच्या गाडीवर विश्वास ठेवायचा नाही! पाणी पिऊन गेली! शोभानं एकदाच माझ्या दारावर तळहात फिरवला, जिथं कधीकाळी सात आकडा असायचा. मी मोडीच्या दुकानाचा विचार करायला लागले. तिथं आधी दारं काढतात म्हणे.

भालकीचा नाका दिसायला लागला. लोकांची गर्दी, गुरुशांतप्पाचं लाल फडकं. आणि फडक्याच्या दहा पावलं अलीकडं, रस्त्याच्या कडेला, लाल गाडी उभी. बॉनेट उघडं.

वाफ नाही. वास नाही. मला परत संशय. आता कसला डाव?

कायदा म्हणजे कायदा. सगळं गाव बघत होतं. शोभा थांबली, चावी बंद केली. खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं साहेब?"

"काय न्हाई."

"मग बॉनेट कामून उघडलं?"

"तू थांबावीस म्हणून. आता हो पुढं. बॉनेट उघडं असलेली गाडी धावंत नसती."

शोभाचा चेहरा लाल झाला. "उपकार नगं मला. हारले तर हारले."

"उपकार कुठला?" हणमंतराव हळू म्हणाले, "आत पाणी तुझंच हाय की."

मग तिनं चावी फिरवली.

आणि मी चालूच होईना. पाणी नाही, अंगात आग, सेल्फ नुसता घरघर करतोय. एकदा, दोनदा. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "डुक्कर बसली रे!" हणमंतरावांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, माझ्या मागं आले आणि दोन्ही हात माझ्या गोल पाठीला लावले. कारखान्याचा साहेब, रेशमी धोतरात, डुक्कर ढकलतोय. दहा पावलं. मी फडक्याखालून गेले.

भीमराजनं डोळे बारीक करून बघितलं. "ढकलत आली. पळत न्हाई."

गुरुशांतप्पानं फडकं खांद्यावर टाकलं. "पुढं कोण आलं ते बघायचं, भीमराज. कसं आलं, ते कायद्यात न्हाई."

भीमराज पुढं आला. मग शोभाच्या हातातली चावी घेतली, आपल्या पांढऱ्या सदऱ्याला पुसली, आणि परत तिच्याच हातात दिली. शब्द तो शब्द. हणमंतरावांनी माझ्या वायपरखालचं पान काढून शोभाच्या हातात दिलं आणि गावातलं पहिलं सोनं तिच्याच हातून घेतलं.

आता नव्वद साल चालू आहे. शोभा मला अजून उदगीरला नेते, पण चढावर थांबून थांबून. उरलेल्या वेळी मी लिंबाखाली असते. कोंबड्या माझ्या सीटखाली अंडी घालतात. रस्त्यावरून नव्या गाड्या जातात, सगळ्यांना पट्टे, सगळ्यांवर इंग्रजी. माझा संशय गेलेला नाही. त्या लाल गाडीवर मी आजही विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी ती स्वतःहून थांबली नव्हती. आणि खरं बघितलं तर मी पण नाही. ब्रेकवर माणसाचे पाय होते.

म्हणून मित्रांनो, गाडीचे चौकोन बघू नका, बॉनेट उघडून बघा. हार घाला, पण निघताना काढा. देवापुढचं सामान उचलायला देव रागवत नाही. आम्हा जुन्या गाड्यांना पाणी घाला, आम्हाला तहान फार लागते. आणि डिकीत एक डबा जास्तीचा ठेवा. तुमच्या गाडीसाठी नाही. पुढच्या वळणावर कुणाचंतरी बॉनेट उघडं असेल.