लिंट्सच्या यादीतून गाळलेलं नाव

ल्युबोर वान्युराला आपला वाद्यवृंद घेऊन परदेशी जायची संधी मिळाली तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा झाला होता. रेल्वेच्या फाटकवाल्याचा हा मुलगा. ब्रनोला शिकला, नऊ वर्षं ऑपेराच्या गायकांच्या तालमींना पियानो बडवला, मग दुय्यम संचालक होऊन थोरल्या संचालकांच्या आजारपणाची वाट पाहिली. तेव्हा कुठे बेच्वा नदीकाठच्या या मोराव्हियन शहराचा वाद्यवृंद त्याच्या हाती आला. आता ऑस्ट्रियात दोन कार्यक्रम होते; आधी साल्झबुर्गला, मग लिंट्सला.

१९७७च्या मार्चमध्ये पक्षाच्या कचेरीतल्या पेत्राकोवाबाईंनी त्याला बोलावलं आणि एकाहत्तर नावांची यादी पुढे सरकवली.

"प्रत्येक नावापुढे सही करा, कॉम्रेड. हा माणूस परत येईल, याची हमी."

"सगळ्यांची हमी मी कशी देणार?"

"माणसं तुमचीच ना? एक जरी तिकडे राहिला, तरी तुमची छडी गेली म्हणून समजा." बाईंनी चष्मा पुसला. "त्या हुदेत्सचा भाऊ लिंट्सला असतो म्हणे. आम्ही काही म्हणत नाही हं. तुम्हीच ठरवा."

आलोइस हुदेत्स वाद्यवृंदात पितळी हॉर्न वाजवायचा, त्या वाद्याचा पहिला वादक. ब्रनोला दोघं एका खोलीत राहिले होते, एका पातेल्यातलं बटाट्याचं सूप तीन-तीन दिवस पुरवून खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी तालमीच्या मधल्या सुट्टीत त्याने वान्युराला जिन्यात गाठलं.

"ल्युबोर, व्हिक्टरला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. उन्हाळा काही बघत नाही तो. एकोणतीस वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही रे. दोन तास दे मला, बस."

"माझ्या हातात असतं तर…"

"मी पळून जाईन असं वाटतंय का कुणाला? यार्मिला इथे, दोन्ही पोरी इथे. आणि हे गुडघे घेऊन पळणार तरी कुठवर?"

वान्युराला हसू आलं. "वर विचारतो," तो म्हणाला.

वर कुणाला काही विचारायचंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर यादी पसरून तो सह्या करत बसला. पहिल्या व्हायोलिनवाल्या रादोवान सिखराच्या नावापुढे त्याने डोळे मिटून सही केली. बारा वर्षांचा असल्यापासून त्याला वान्युरानेच घडवलं होतं. रविवारी तो जेवायला वान्युराच्याच घरी असायचा. हुदेत्सचं नाव आलं तेव्हा पेन थांबलं. मग त्याने पट्टी लावली आणि नावावर सरळ रेघ ओढली.

यादी तालमीच्या खोलीतल्या फळ्यावर लागली. हुदेत्सने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "'वर' म्हणजे कुठे रे, ल्युबोर? सही तर तुझी आहे."

हुदेत्सने हॉर्नमधलं पाणी झटकलं, हॉर्न पेटीत ठेवला आणि निघून गेला.

लिंट्सचा कार्यक्रम वान्युराच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. घामाने चिंब होऊन तो मागच्या दाराने बाहेर आला, तर तिथे चाकाच्या खुर्चीत एक हाडांचा सापळा बसलेला, शेजारी नर्स.

"आलोइस कुठेय?" सापळ्याने अस्सल मोराव्हियन हेल काढून विचारलं.

वान्युरा गडबडला. "ताप आलाय त्याला. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं."

"जास्त आहे?"

"छे, छे."

"लहानपणी दोनदा हातचा जाता जाता राहिलाय तो. खरं सांगा मला. जास्त आहे ना?"

वान्युरा नाही नाही म्हणत राहिला. व्हिक्टरने मांडीवरचं पुडकं त्याच्या हातात दिलं. कॉफी होती आणि लोकरीचं बनियन. "छाती झाकून ठेव म्हणावं."

सकाळी बसमध्ये रादोवानची जागा रिकामी होती. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न दिला. वान्युरा स्वतः त्याच्या खोलीत गेला. व्हायोलिन नव्हतं. वाद्यवृंदाच्या मालकीचा काळा कोट मात्र ब्रश मारून नीट टांगलेला होता. चिठ्ठी नव्हती. घरापर्यंतच्या प्रवासात कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सिखरा?" पेत्राकोवाबाई म्हणाल्या. "त्याचा तर आम्हालाही संशय नव्हता. आणि तुम्ही हुदेत्सला मागे ठेवून गेलात!" त्या चक्क हसल्या. आठवड्याभरात वान्युराची जागा गेली.

ते पुडकं द्यायला मात्र त्याला तीन आठवडे धीर झाला नाही. दार हुदेत्सनेच उघडलं. त्याच्या दंडावर काळी फीत होती. व्हिक्टर गेल्याची तार परवाच आली होती.

"काय सांगितलंस त्याला?" हुदेत्सने विचारलं.

"तुला ताप आहे म्हणून."

"मग?"

"जास्त आहे का, विचारत होता. मी नाही म्हटलं. त्याला ते पटलं नाही."

हुदेत्सने पुडक्याकडे पाहिलं. "मरायला टेकलेला माणूस," तो म्हणाला, "आणि तू त्याला माझा घोर लावून आलास." त्याने पुडकं घेतलं आणि आवाज न करता दार लावलं. वान्युराने पाठ करून आणलेली माफी तशीच राहिली.

छडी त्याच्या हातात पुन्हा आली नाही. दीड वर्ष त्याने बॉयलरखान्यात कोळसा लोटला, मग जिल्ह्याच्या स्मशानगृहात ऑर्गन वाजवायचं काम मिळालं. दिवसाला पाच-सहा अंत्यविधी, त्याच तीन-चार चाली. लोकांना तेवढं पुरे असायचं.

१९८६च्या नोव्हेंबरात एका सकाळी अंत्यविधींच्या कागदावर अकराच्या खान्यात नाव होतं : आलोइस हुदेत्स, वादक. संगीताच्या रकान्यात थोरल्या मुलीच्या अक्षरात एकच शब्द होता, 'नको'.

वान्युरा तरीही वरच्या सज्जातल्या ऑर्गनपाशी जाऊन बसला. खाली बुटांचे आवाज झाले, कुणीतरी खोकलं, यार्मिला मुलीला हळूच म्हणाली, "नीट उभी राहा." वीस मिनिटं तो हात मांडीवर ठेवून बसला होता. शवपेटीपुढचा पडदा सरकला. माणसं बाहेर पडू लागली. वर कोण बसलंय हे पाहायला कुणी मान वर केली नाही.

बाराच्या विधीला एका शिक्षिकेच्या घरच्यांनी तीन चाली सांगितल्या होत्या. त्याने तिन्ही वाजवल्या.